चार लोक आणि शेवटचा अंक

एम.ए.च्या वर्गाला कौटुंबिक सुखात्मिकेचा आकृतिबंध शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. ज्या बापाने नाटकभर घर धाकात ठेवले, मुलीला उंबरठा ओलांडू दिला नाही, मुलाशी अबोला धरला, तो शेवटच्या दहा मिनिटांत विरघळतो कसा? मागच्या वर्षी सिंदेवाहीकडच्या एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न तक्रारीच्या सुरात मांडला : “मॅडम, आमच्या घरी तर असं कधी झालं नाही.” वर्ग हसला, मीही हसले. परंतु तिच्या वाक्यात जी समीक्षा होती ती माझ्या प्रबंधातील एका वाक्याहून फारशी वेगळी नव्हती, आणि ते वाक्य मागे घेण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे. हा लेख त्यासाठी आहे.

नेहमीची उत्तरे माझ्याजवळ होती. कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, ती वरून यंत्राने उतरवलेली नसावी, अशी अ‍ॅरिस्टॉटलची अपेक्षा आहे. भरताने पाच संधींपैकी शेवटचा निर्वहण संधी सांगितला तो विखुरलेल्या बीजांना एकत्र आणण्यासाठी. नवे बीज तेथे पेरायचे नसते. नॉर्थ्रप फ्रायने १९५७ मधील ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’मध्ये सुखात्मिकेतील वाट अडवून बसलेल्या वडीलधाऱ्या पात्राची चर्चा केली आहे. असे पात्र बहुधा हाकलून दिले जात नाही. शेवटी उभ्या राहणाऱ्या नव्या समाजात त्यालाही सामावून घेतले जाते, असे त्याचे निरीक्षण आहे. ही सर्व विवेचने बाप कोठून निघतो आणि कोठे पोहोचतो ते सांगतात. मधल्या उडीविषयी मात्र ती फारशी बोलत नाहीत. ती उडी लेखकाची सोय समजावी, असा एक अलिखित संकेत आपल्या समीक्षेत रुजलेला आहे, आणि मीही तो पाळला होता.

माझा प्रबंध २००९ मध्ये पूर्ण झाला. त्यातील एक प्रकरण झाडीपट्टीच्या कौटुंबिक नाटकांवर होते. तेथे मी लिहिले : ‘या नाटकांतील पित्याचे मतपरिवर्तन संविधानकातून उद्भवत नाही, ते कृतक असून पहाटेपूर्वी प्रयोग आटोपण्याच्या सोयीतून आलेले आहे.’ वाक्य ठाशीव होते, आणि तोंडी परीक्षेत त्याचे कौतुकही झाले. कोणी विचारले नाही, म्हणून मीही सांगितले नाही, की ही नाटके मी वडशाच्या मंडळींकडून मिळवलेल्या वह्यांमध्ये वाचली होती. त्यांतले एकही मी पाहिलेले नव्हते.

याचे कारण घरचे होते. आमचे गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. पूर्वेला वैनगंगा आणि पलीकडे देसाईगंज, ज्याला आम्ही सगळे वडसाच म्हणतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी ही जिल्ह्याची हद्द बनली. नाटकाला ती हद्द कधी जाणवली नाही. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या वडशाला, आणि प्रयोग चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतल्या गावांत. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई भरू लागते, दंडारी होतात, पुढे शंकरपट सुरू होतात. दिवसा पटाच्या दाणीवर बैलजोड्या धावतात आणि रात्री शेतात खोदलेल्या खोलगट जागेत, कनातीच्या आत, नाटक उभे राहते. ते रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. हा हंगाम होळीपर्यंतचा.

बाबा गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. नाटक म्हणजे रात्र आणि पैसा दोन्ही वाया, असे त्यांचे मत होते. मुलांनी पाहू नये हे एक, आणि मुलीने पाहायचे तर नावच काढायचे नाही हे दुसरे. दूरवरून ऐकू येणाऱ्या पेटीच्या सुरांवर मी शाळेतला अभ्यास केला आहे. पुढे संशोधनासाठी मी त्याच नाटकांच्या वह्या मागवल्या, तेव्हा बाबांनी हरकत घेतली नाही. वही हे त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचे साधन होते. धाकट्या भावाने मात्र २००३ मध्ये डी.एड. अर्धवट सोडले आणि तो वडशाच्या एका मंडळीत नट म्हणून गेला. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. तो सणाला घरी येई, आई त्याला वाढी, बाबा आपले ताट घेऊन ओसरीवर जात.

जानेवारी २०११ मध्ये आमच्या गावच्या पटाला भावाच्याच मंडळीचे नाटक ठरले. पटसमितीची माणसे बाबांना आमंत्रण द्यायला आली. बाबा नाही म्हणाले. तेव्हा त्यांच्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, “गुरुजी, तुमीच नाई आले त लोक का म्हनतीन?” बाबा गप्प झाले. ज्या चार लोकांच्या भीतीने त्यांनी आजवर नाटक टाळले होते, तेच चार लोक आता त्यांना नाटकाला नेत होते. आईने माझ्याकडे पाहिले. मी लगेच शाल काढली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नाटक या विषयात डॉक्टरेट मिळवून, मी आमच्या भागातले पहिले नाटक पाहायला निघाले.

नाटकात भाऊ बापाच्या भूमिकेत होता. गावचा तालेवार, करारी माणूस, कॉलेजात शिकणारी मुलगी, परगावचा मुलगा, आतून मुलीच्या बाजूची असलेली आई, आणि मालकाच्या पाठीमागे त्याची नक्कल करणारा विनोदी नोकर. वह्यांमुळे ही मांडणी मला पाठ होती. दुसऱ्या अंकात बाप नोकराला नक्कल करताना पकडतो, असा प्रसंग आला. भावाने काही बोलण्याआधी डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

ही लकब बाबांची होती. खोलगटात बसलेल्या पुरुषांपैकी चाळिशीच्या आतले बहुतेक सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. चष्मा खिशात गेला की पुढे काय होते, हे प्रत्येकाच्या तळहाताला ठाऊक होते. आधी कुजबुज, मग हशा उठला, आणि मग शेकडो माना एकाच दिशेला वळल्या. बाबा पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. मी बायकांच्या बाजूला होते. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. रंगमंचावर भाऊ वाक्य विसरला. प्राँप्टरने ते एकदा दिले, पुन्हा दिले. दोन्ही वेळा ते साऱ्या गावाला ऐकू आले.

मग बाबांचा हात वर गेला. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. रागावले की ते असेच करत. हे सवयीने झाले की जाणून, हे मला आजही सांगता येणार नाही. क्षणभर ती सगळी मोठी माणसे चौथीच्या वर्गासारखी चिडीचूप झाली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडले, “मारा जी गुरुजी!” आणि सगळा खोलगट फुटला. बाबांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की रडत होते हे पाठीवरून कळेना. हसत होते, असे आईने नंतर सांगितले. रंगमंचावर भाऊही हसू लागला, जेथे वहीप्रमाणे त्याला संतापायचे होते. विनोदी नटाने प्रसंग सावरला : “मालक, आताच हासले त मंग पुढं का करान?”

पहाटे घरी आल्यावर बाबांनी चहा घेतला. भाऊ अर्धवट पुसलेल्या रंगानिशी दारात उभा होता. बाबा म्हणाले, “पाठांतर कच्चं आहे. प्राँप्टर मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.” आठ वर्षांनंतरचे ते पहिले वाक्य.

त्या नाटकाची वही मी नंतर भावाकडून मागून घेतली. शेवटच्या अंकात, मुलगी आणि तिने निवडलेला मुलगा समोर उभे असताना, बापासाठी एक रंगसूचना होती : ‘क्षणभर स्तब्ध. मग हसतो.’ चार शब्द. असेच चार-पाच शब्द वाचून मी ‘कृतक’ हा निर्णय दिला होता. त्या रात्री शेवटच्या अंकात भावाने ते चार शब्द केले, तेव्हा त्याला बराच वेळ लागला. तो स्तब्ध उभा राहिला, मग पुढे येऊन प्रेक्षकांकडे पाहू लागला, आणि खोलगटातून आवाज येऊ लागले : “द्या जी पोरगी!” बायकांच्या बाजूनेही आले. तेवढे झाल्यावर तो हसला. त्यानंतर झाडीपट्टीतली जी नाटके मी पाहिली, त्यांतल्या अनेकांत ही जागा अशीच घेतली जाते असे दिसले. बाप एकांतात सैल होत नाही. भरल्या रंगमंचावर, भरल्या खोलगटासमोर, आणि समोरून परवानगी आल्यावर सैल होतो.

येथे माझ्या मते संविधानकाचा खरा सांधा आहे. आपण समजतो की बापाचा कडकपणा ही त्याच्या आणि मुलांच्या मधली गोष्ट आहे; म्हणून त्याच्या मनात काय पालटले हे आपण शोधत राहतो, आणि ते सापडले नाही की नाटकाला दोष देतो. पण त्या कडकपणाचे दुसरे टोक चार लोकांच्या हाती असते. बाप मुलीला रोखतो तेव्हा त्याचे तोंड मुलीकडे असते आणि कान गावाकडे. गाठ तेथे आहे, म्हणून ती सुटायची तर तेथेच सुटेल. झाडीपट्टीच्या नाटकात हे चार लोक सूचक राहत नाहीत, ते तिकीट काढून समोर बसलेले असतात. पटाच्या निमित्ताने लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई, व्याही, सोयरे घरोघरी उतरलेले असतात. याच दिवसांत सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. ज्यांच्या बोलण्याला प्रत्येक घरातला बाप भितो, तीच माणसे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून रंगमंचावरच्या बापाला हसतात. ती हसली की धाकाचे दुसरे टोक सुटते. मत बदलण्याची गरजच उरत नाही. बाबांचे नाटकाविषयीचे मत त्या रात्री बदलले असे मला वाटत नाही. आपण ओळखले गेलो, चारचौघांत हसले गेलो, आणि तरीही आपले काही मोडले नाही, एवढे त्यांना कळले असावे. अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेत याला अभिज्ञान म्हणता येईल. फक्त येथे बाप मुलाला ओळखत नाही, आपण कोणासाठी उभे होतो हे ओळखतो.

या दृष्टीने पाहता विनोदी नोकराचे स्थानही बदलते. प्रबंधात मी त्याला ‘कथानकबाह्य करमणूक’ म्हटले होते. प्रत्यक्षात खोलगट आणि रंगमंच यांच्यातला तो एकमेव अधिकृत दूत असतो. बापाला हसता येते हे तो चार लोकांना पहिल्या अंकापासून शिकवत असतो, आणि शेवटी तीच शिकवणूक कामाला येते. निर्वहणाचे बीज त्याच्या हाती पेरलेले असते; वहीत ते उगवलेले दिसत नाही, कारण त्याची अर्धीअधिक वाक्ये वहीत नसतातच. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशाच विनोदी भूमिकांनी गाजलेल्या नटाला मिळाली. त्या सन्मानाकडे मी एका व्यक्तीच्या गौरवाबरोबरच या नाट्यप्रकाराच्या रचनेतील एका जागेचा गौरव म्हणूनही पाहते.

हा विचार झाडीपट्टीपुरता आहे की अन्यत्र टिकतो, हे पाहिले पाहिजे. इ.स.पूर्व १६० मध्ये रोममध्ये झालेले टेरेन्सचे ‘अ‍ॅडेल्फी’ दोन भावांचे नाटक आहे : कडक डेमिआ आणि मोकळा मिसिओ. एक मुलगा याने वाढवलेला, दुसरा त्याने. शेवटी डेमिआ एकाएकी उदार होतो, आणि तो खरेच पालटला की भावाची फजिती करण्यासाठी उदारपणाचे सोंग आणतो, हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. पण डेमिआच्या स्वगतात एक गोष्ट स्पष्ट आहे : सगळे मिसिओवर प्रेम करतात आणि आपल्याला टाळतात, हे त्याला सलते. मुलांच्या वागण्यापेक्षा लोकांच्या नजरेने त्याला हलवले आहे. तो खरा की खोटा हा वाद मिटत नाही, याचे कारणही मला येथेच दिसते. लोकांसमोरचा कडकपणा लोकांसमोरच सोडायचा असतो, म्हणून सोडण्याच्या क्रियेत थोडे सोंग येतेच.

मराठीत पु.ल. देशपांडे यांची दोन नाटके या प्रश्नाच्या दोन टोकांना उभी आहेत. ‘तुझे आहे तुजपाशी’मध्ये (१९५७) काकाजी देवासकरांच्या इंदूरच्या वाड्यात आचार्य पोफळे गुरुजी येतात आणि रसिकतेत रमलेल्या घराला व्रतस्थपणाचे वळण लावू पाहतात. शेवटी आचार्यांचा ताठा उतरतो, त्यांच्या एकाकीपणाची कबुली बाहेर पडते. ती ऐकायला अनुयायी नसतात, काकाजी असतात. येथे चार लोक हसत नाहीत, ते बाजूला सारले जातात. ज्यांच्या समोर आचार्य व्हावे लागते त्यांची नजर हटली, की आचार्याला माणूस होता येते. ‘सुंदर मी होणार’मध्ये (१९५८) संस्थान विलीन झालेले आहे आणि महाराजांचा दरारा मुलांवरच चालू आहे. ते सैल होत नाहीत. दीदीराजेला त्यांच्या पकडीतून बाहेर पडावे लागते. महाराजांना कोण सैल करणार? त्यांची प्रजाच उरलेली नाही. राजा म्हणून पाहणारे लोक केवळ त्यांच्या मनात आहेत, आणि मनातले लोक कधी हसत नाहीत. पहिल्याला आपण सुखात्मिका म्हणतो, दुसऱ्याच्या तळाशी वेदना ठेवतो. हा भेद बापांच्या स्वभावातून आला असे मला आता वाटत नाही. भोवतीचे लोक हलवता येण्याजोगे आहेत की नाहीत, यावर तो ठरला आहे.

एवढे मांडल्यावर त्या विद्यार्थिनीच्या तक्रारीकडे परत यायला हवे, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या घरी असे एकदा झाले, आणि ते टिकले नाही. पुढच्याच वर्षी भावाने मंडळीत भागीदारी घेण्यासाठी धानाचा एक बांध विकावा असे सुचवले. बाबांनी नकार दिला आणि पुन्हा काही महिने अबोला धरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, शंकरपटांना खीळ बसली; नाटके होत राहिली, पण बाबा पुन्हा कधी गेले नाहीत. २०१८ मध्ये ते वारले. ते गेले तेव्हा त्यांच्यात आणि भावात बोलणे होते, पण थोडे, आणि बहुतेक पिकापाण्याचे.

म्हणजे नाटकाने खोटे सांगितले का? काय घडले हे इतिहास सांगतो आणि काय घडू शकते हे काव्य सांगते, हा अ‍ॅरिस्टॉटलचा भेद मी वर्गात कित्येक वर्षे घोकून घेतला आहे, पण शोकात्मिकेसंदर्भात. तो सुखात्मिकेला लावून पाहण्याचे सुचले नव्हते. शेवटच्या अंकातला बाप यापुढे कायम सैल राहील, असे वचन सुखात्मिका देत नाही. पडदा पडल्यानंतरच्या सकाळविषयी ती काहीच बोलत नाही. हा माणूस सैल होऊ शकतो, आणि कोणत्या परिस्थितीत होऊ शकतो, एवढेच ती दाखवते. ज्या घरात ते कधीच घडले नाही, त्या घरातल्या मुलीसाठी ही माहिती लहान नाही. तिच्या बापाच्या कडकपणाचे दुसरे टोक कोठे बांधलेले आहे, हे तिला पाहता येते. ते सोडवणे तिच्या एकटीच्या हाती नसते, हेही कळते. आणि त्यामुळे बाप बदलला नाही याचा दोष तिने स्वतःकडे घेण्याचे कारण उरत नाही.

प्रबंधातील ते वाक्य मी येथे मागे घेते. पित्याचे परिवर्तन संविधानकातून उद्भवत नाही, असे मी लिहिले होते. ते मला वहीत सापडले नाही, इतकेच मला म्हणता आले असते. ज्या संविधानकाचा अर्धा भाग खोलगटात बसलेला असतो, ते संहितेवरून तपासणे म्हणजे पटाच्या दाणीवरच्या चाकोऱ्या पाहून बैलांची पारख करणे होय.

भाऊ अजूनही बापाच्या भूमिका करतो. मध्यंतरी त्याचे एक नाटक मी गडचिरोलीकडच्या गावात पाहिले. नोकराला पकडण्याच्या प्रसंगात त्याने चष्मा काढला नाही, नुसता दरडावला. नंतर विचारले, तेव्हा म्हणाला की आपल्या गावानंतर दोन-तीन ठिकाणी तसे करून पाहिले, कोणी हसले नाही, म्हणून सोडून दिले. मग रंग पुसता पुसता म्हणाला, “तिथं बाबाले कोन ओळखते?”